एकाच आकड्याने ग्राफ फिरतो तेव्हा



मधुमेह, बीपी, थायरॉइड यांवर आपण इथे बरंच बोललो आहोत. आजचा विषय थोडा गणिताकडे झुकणारा आहे. दहावीनंतर गणिताशी ज्यांनी काडीमोड घेतला त्यांनीही पळून जाऊ नये, कारण हा विषय माझ्या दवाखान्यातूनच निघाला आहे, आणि तोही एका कारल्याच्या रसाच्या ग्लासातून.

माझे एक जुने पेशंट आहेत. वय ६७, एसटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त. मी त्यांना काका म्हणतो. मधुमेह ११ वर्षांपासून. दोन प्रकारच्या गोळ्या, रोजचं चालणं आणि हिशेबनीसाला शोभेल अशी टापटीप वही. शुगर बऱ्यापैकी आटोक्यात होती, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ७.३. पण मागच्या उन्हाळ्यात ते आले तेव्हा लॅबच्या रिपोर्टवर उपाशीपोटीची शुगर २१२ आणि एचबीए१सी ९.१ होती. मी काही विचारायच्या आतच काका म्हणाले, "डॉक्टर, तुमची लॅब चुकली असणार. ग्राफप्रमाणे माझी शुगर एकशे अकरा यायला हवी."

"कुठला ग्राफ, काका?"

त्यांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून एक रंगीत प्रिंट काढली. नात कॉमर्सला आहे, तिने कॉम्प्युटरवर काढून दिला होता. आडव्या रेघेवर आदल्या संध्याकाळी किती मिलीलिटर कारल्याचा रस प्यायला ते, उभ्या रेघेवर दुसऱ्या दिवशी सकाळची उपाशीपोटीची शुगर. दहा दिवसांचे दहा ठिपके, आणि त्यांच्यातून डावीकडून उजवीकडे झरझर खाली उतरणारी एक सरळ रेषा. खाली आकडा छापलेला, उणे ०.९६. नातीने सांगितलं होतं की हा आकडा एकच्या जितका जवळ तितका संबंध पक्का. रेषेवरून हिशेब निघत होता की दर १० मिलीलिटर रसामागे शुगर साधारण साडेतीनने उतरते, आणि रोज १५० मिलीलिटर घेतला तर १११ वर येते. हिशेबनीस माणूस. त्यांनी रस १५० वर नेला, रात्रीची गोळी बंद केली आणि सकाळची अर्धी केली. अडीच महिने झाले होते.

"मधल्या काळात घरच्या मशीनवर शुगर बघितली नाही का?"

"पट्ट्या संपल्या होत्या. आणि ग्राफ असताना पट्ट्या कशाला?"

मला हसू आलं नाही. कारण ग्राफमध्ये काकांनी काहीही खोटं केलं नव्हतं. आकडे त्यांच्या वहीतले होते, गणित कॉम्प्युटरचं होतं, बेरीज-वजाबाकी सगळी बरोबर. तरीही उत्तर चुकीचं होतं, आणि त्या चुकीच्या उत्तराने त्यांच्या डोळ्यांना, किडनीला, पायाच्या नसांना अडीच महिने जास्तीची साखर सोसावी लागली.

मी ती वही मागून घेतली. तुम्हीही हे आकडे माझ्याबरोबर बघा. ३० मिलीलिटर रस घेतला त्या तीन दिवशी शुगर १४८, १५६, १४६. ४० मिलीलिटर घेतला तेव्हा १५२, १४४, १५४. ५० घेतला तेव्हा १४७, १५५, १४९. हे झाले नऊ दिवस. रस वाढला म्हणून शुगर उतरली असं यात कुठे दिसतं का? मला तरी दिसत नाही. तिन्ही गटांची सरासरी जवळजवळ १५०. आता दहावा दिवस. त्या दिवशी रस २०० मिलीलिटर आणि शुगर ९२.

मी प्रिस्क्रिप्शनचा कागद घेतला आणि ग्राफवरच्या उजव्या कोपऱ्यातल्या त्या एकट्या ठिपक्यावर ठेवला. "आता सांगा काका, रेषा कुठे चालली आहे?" उरलेले नऊ ठिपके डाव्या बाजूला एका पुंजक्यात होते, कुठेच चालले नव्हते. त्या नऊ दिवसांचंच गणित केलं तर संबंधाचा आकडा ०.०३ येतो. म्हणजे काहीच नाही. उणे ०.९६ हा सगळा आकडा दहाव्या दिवसाच्या जिवावर उभा होता.

त्या दिवशी काय झालं होतं? बाजारात कारली स्वस्त मिळाली म्हणून काकूंनी भरपूर आणली, आणि काकांनी एक मोठा ग्लास भरून रस पोटात ढकलला. रात्री पोट बिघडलं, दोनदा उलटी झाली, जेवण केलंच नाही. गोळ्या मात्र नेमाने घेतल्या. संध्याकाळपासून पोटात अन्न नाही आणि अंगात शुगर उतरवणारी गोळी, तर सकाळी ९२ आली यात नवल काय? (जाता जाता सांगतो, असं कधीही करू नका. जेवण होणार नसेल आणि शुगरची गोळी घ्यायची असेल तर आधी फोन करा. काकांची शुगर ९२ वर थांबली. ती ५० वरही गेली असती.)

इतरांपासून असा लांब, फटकून बसलेला जो आकडा असतो त्याला संख्याशास्त्रात आउटलायर म्हणतात. प्रत्येक घरात लग्नाच्या फोटोत एक मामा असतो, सगळे ओळीत उभे आणि हा तिकडे मांडवाच्या खांबाला टेकून. तसाच.

आता प्रश्न असा की दहात एक असूनही त्या ठिपक्याचा इतका जोर का? मतदानात तर एकाला एकच मत असतं. इथे तसं नसतं. दोन गोष्टींचा संबंध मोजताना, ज्याला कोरिलेशन म्हणतात, आणि त्यातून रेषा काढताना, जिला रिग्रेशनची रेषा म्हणतात, प्रत्येक ठिपका मधल्या बिंदूपासून किती लांब आहे ते बघितलं जातं आणि त्या अंतराचा वर्ग केला जातो. अंतर २ असेल तर ४ धरायचे, १० असेल तर १००. काकांच्या नऊ ठिपक्यांचा मध्य ४० मिलीलिटरवर होता. ३० आणि ५० वाले ठिपके त्याच्यापासून १० ने लांब, वर्ग १००. दहावा १६० ने लांब, वर्ग २५,६००. म्हणजे त्या एका ठिपक्याचा आवाज बाकीच्या एकेका ठिपक्याच्या अडीचशेपट. मतमोजणीत एका माणसाने अडीचशे मतं टाकली तर निकाल काय लागणार?

दुसरी उपमा पहारीची. मोठा धोंडा हलवायचा तर आपण पहार खाली खुपसतो आणि तिच्या अगदी टोकाला हात लावतो. मध्यापासून जितकं लांब धरू तितका कमी ताकदीत धोंडा हलतो. रेषेचंही तसंच आहे. कडेला, एकटा, लांब बसलेला ठिपका सगळी रेषा स्वतःकडे ओढून घेतो. आणि गंमत अशी की रेषा त्याच्याकडेच ओढली गेल्यामुळे ती त्याच्या जवळून जाते, मग तो ठिपका रेषेपासून दूर आहे असंही वाटत नाही. चोर पोलिसाच्याच पोशाखात उभा.

हे माझं शहाणपण नाही. फ्रान्सिस अँस्कम नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली चार छोटे तक्ते छापले, प्रत्येकात अकरा ठिपके. चारही तक्त्यांची सरासरी तीच, कोरिलेशन तेच म्हणजे सुमारे ०.८२, रेषाही तीच. फक्त आकडे बघितले तर चौघे जुळे भाऊ. पण कागदावर ठिपके काढले की एक साधा पसरलेला संबंध, दुसऱ्यात कमान, तिसऱ्यात दहा ठिपके सुतासारखे सरळ आणि एक भलतीकडे, आणि चौथ्यात दहा ठिपके एकाच उभ्या ओळीत आणि अकरावा दूर. चौथ्यात तो अकरावा काढला तर संबंध मोजताच येत नाही. तो चौथा तक्ता म्हणजे आमच्या काकांचाच ग्राफ. कॉम्प्युटर नुकते वापरात येत होते, लोक ग्राफ काढायचा कंटाळा करू लागले होते आणि थेट उत्तर छापून घेत होते, त्या काळात हे लिहिलेलं. आज फोनवर एका बोटाने ग्राफ निघतो तरी तो कंटाळा काही गेलेला नाही. माझाही नाही.

मग फटकून असलेला ठिपका दिसला की काढून टाकावा? इथे लोक घाई करतात, म्हणून दुसऱ्या बाजूचं एक उदाहरण सांगतो. ते सिगारेटचं आहे.

इंग्लंडचे डॉक्टर रिचर्ड डॉल यांनी १९५५ साली एक तुलना प्रसिद्ध केली. अकरा देश घेतले. १९३० साली त्या देशात माणशी किती सिगारेटी खपत होत्या, आणि वीस वर्षांनी, १९५० मध्ये, फुप्फुसाच्या कॅन्सरने तिथले किती पुरुष दगावले. वीस वर्षांचं अंतर मुद्दाम, कारण हा कॅन्सर सिगारेट पेटवल्या दिवशी होत नाही. त्या अकरा देशांचं कोरिलेशन सुमारे ०.७४ येतं. चांगलं आहे. पण एक ठिपका फटकून बसलेला, अमेरिका. माणशी सिगारेटी सगळ्यात जास्त, वर्षाला साधारण १,३००, आणि कॅन्सरचे मृत्यू मात्र दहा लाखांत फक्त २०० च्या आसपास. ब्रिटनमध्ये सिगारेटी १,१०० आणि मृत्यू ४६० च्या घरात. अमेरिका वगळून उरलेल्या दहा देशांचं कोरिलेशन काढलं तर ते ०.९४ होतं.

म्हणजे काकांच्या ग्राफमध्ये एका ठिपक्याने नसलेला संबंध उभा केला, आणि इथे एका ठिपक्याने असलेला संबंध झाकला. एकच करामत, उलटसुलट.

तंबाखूच्या बाजूने बोलणारा म्हणू शकला असता, बघा, सगळ्यात जास्त ओढणारे अमेरिकन तर ठणठणीत आहेत. आणि संशोधकांना मोह होऊ शकला असता की अमेरिका खोडून टाकू, आपलं म्हणणं अजून ठसठशीत दिसेल. त्याऐवजी पुढे काय केलं गेलं ते मला फार आवडतं. अमेरिका वेगळी का, याचा शोध घेणाऱ्या डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या एका अभ्यासात लोकांनी टाकून दिलेली सिगारेटची थोटकं गोळा करून मोजली गेली. १९५९ साली ते छापून आलं. अमेरिकन माणूस सिगारेट बरीच शिल्लक असताना फेकतो, इंग्रज शेवटपर्यंत ओढतो, असं त्यातून दिसलं. फरकाचं सगळं उत्तर त्या थोटकात होतं असा माझा दावा नाही. देशादेशांची तुलना कच्चीच असते. देश सिगारेट ओढत नाही, माणूस ओढतो. सिगारेट आणि कॅन्सरचं नातं पक्कं झालं ते हजारो ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयी लिहून घेऊन त्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला त्यातून. पण फटकून असलेल्या ठिपक्याशी कसं वागावं, याचं रस्त्यावरची थोटकं मोजण्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

कधी कधी तर तो ठिपकाच खजिना असतो. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १०० च्या खाली असलं की आपण खूश होतो. अमेरिकेत एका निरोगी तरुण स्त्रीचं एलडीएल १४ निघालं. एकशे चाळीस नव्हे, चौदा. कुणी म्हणालं असतं मशीन बिघडलं. पण असे अतिशय कमी एलडीएलवाले लोक नीट तपासले तेव्हा पीसीएसके९ नावाच्या एका जनुकात त्यांच्याकडे जन्मजात बदल आहे असं कळलं, आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा बदल असलेल्यांना हृदयविकारही फार कमी होतो असं दिसलं. त्याच जनुकाचं काम अडवणारी इंजेक्शनं २०१५ पासून बाजारात आहेत. माझे दोन-तीन पेशंट ती घेतात. ज्यांचे आकडे तक्त्यात बसत नव्हते, त्यांच्यामुळे.

इथपर्यंत मी तुम्हाला दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. आता माझी सांगतो. ही मी फार लोकांना सांगितलेली नाही.

एमडी करताना आम्हाला एक प्रबंध लिहावा लागतो. माझा विषय साधा होता, कंबरेचा घेर आणि रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी यांचा संबंध. ४८ जणांची कंबर टेपने मोजली, उपाशीपोटी रक्त घेतलं. गणित करायला बसलो तर कोरिलेशन आलं उणे ०.०९. म्हणजे संबंध नाही, उलट किंचित वाकड्या दिशेला. दोन वर्षांचं काम! सगळे जण मला सांगत होते की कंबर आणि चरबी यांचा संबंध असतोच, आणि माझा तक्ता नाही म्हणत होता.

ग्राफ काढल्यावर कारण लगेच दिसलं. एक ठिपका कागदाच्या वरच्या कडेला जवळजवळ बाहेर. एक रिक्षाचालक, वय चौतीस, अंगाने सडपातळ, कंबर ७८ सेंटिमीटर, आणि ट्रायग्लिसराइड १,९४०. हा आकडा १५० च्या खाली असायला हवा. लॅबमधल्या टेक्निशियनने मला तेव्हा सांगितलंही होतं, "डॉक्टर, हे सॅम्पल बघा, दुधासारखं दिसतंय." मी बघितलं, मान डोलावली आणि पुढच्या पेशंटकडे गेलो.

मार्गदर्शक सर घाईत होते. ग्राफकडे एक नजर टाकून म्हणाले, "आउटलायर आहे, काढ." मी काढला. कोरिलेशन ०.४६ झालं. छान, छापण्याजोगं. प्रबंधात मी लिहिलं, अभ्यासात ४७ रुग्ण होते. अठ्ठेचाळीसावा होता, त्याला काढला, का काढला, यातलं एक अक्षर लिहिलं नाही. प्रबंध मंजूर झाला.

पाच महिन्यांनी माझी कॅज्युअल्टीत रात्रपाळी होती. पहाटे तीनच्या सुमाराला एका माणसाला आणलं. पोटाच्या वरच्या भागात कळा, थेट पाठीत जाणाऱ्या, उलट्या थांबत नव्हत्या, गुडघे पोटाशी घेऊन तो कण्हत होता. रक्त काढलं तर नळीत वर पांढरा थर. स्वादुपिंडाला सूज, पँक्रिएटायटिस. ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर गेलं की हा धोका असतो, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. मी सलाइन लावत होतो तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "डॉक्टर, तुम्हीच माझं रक्त घेतलं होतं ना? त्याचा रिपोर्ट काय आला होता?"

मी त्याला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. काहीतरी पुटपुटलो असेन. तो एकोणीस दिवस दवाखान्यात होता, त्यातले आठ अतिदक्षता विभागात. वाचला. त्याची रिक्षा मात्र त्या काळात विकली गेली, हे त्याच्या बायकोकडून कळलं.

तेव्हापासून मी हा विचार अनेकदा केला आहे की माझं नेमकं काय चुकलं. गणितात त्याला बाजूला ठेवणं हे एकवेळ चाललं असतं. त्याची चरबी कंबरेमुळे वाढलेली नव्हतीच, कारण वेगळं होतं, आणि एका माणसाने सत्तेचाळीस जणांचं चित्र झाकू नये हेही खरं. पण मग दोन्ही उत्तरं लिहायला हवी होती, त्याला धरून आणि त्याला सोडून, आणि वाचणाऱ्याने ठरवलं असतं. हा झाला कागदावरचा अपराध. दुसरा मोठा. तक्त्यातून खोडताना मी त्याला डोक्यातूनही खोडलं. आउटलायर हा शब्द वापरला की तो माणूस राहिला नाही, अडचण झाला. एक फोन करायचा होता. "तुमची चरबी फार जास्त आहे, दारू घेत असाल तर आजच बंद करा, उद्या येऊन भेटा." दोन मिनिटांचं काम.

आता तुमच्या घरच्या वहीकडे वळतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळ जण बीपी आणि शुगर लिहून ठेवता आणि ते फार चांगलं करता.

वहीत एखादा आकडा भलताच आला तर आधी तो परत मोजा. आंब्याच्या दिवसांत मला दरवर्षी दोन-तीन फोन येतात की शुगर एकदम तीनशे झाली. आंबा कापून, हात न धुता बोटातून रक्त घेतलेलं असतं. बोटावरचा रस पट्टीवर जातो आणि मशीन बिचारं तो मोजतं. साबणाने हात धुवून, कोरडे करून परत बघितलं की एकशे चाळीस. लॅबमध्येही होतं असं. रक्त काढताना किंवा नेताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं. म्हणून आम्ही कधी कधी दुसऱ्यांदा रक्त मागतो, तेव्हा लॅबचं कमिशन असेल असं मनात आणू नका. पण खरोखर वाढलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं, त्यामुळे "चुकीचं असेल" म्हणून सोडूनही देता येत नाही. परत मोजल्याशिवाय दोन्हींतला फरक कळत नाही.

बीपीच्या बाबतीत एक नियम चांगला आहे. घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ बीपी मोजा असं आम्ही सांगतो तेव्हा पहिल्या दिवसाचे आकडे हिशेबात धरत नाही, कारण नव्या मशीनची धास्ती असते. बघा, इथे आकडे वगळलेच जातात. पण कुठले वगळायचे ते आकडे येण्याआधी ठरलेलं असतं, पहिला दिवस कमी आला तरी आणि जास्त आला तरी. आकडे बघून, आपल्याला नको तो काढायचा, हे मी प्रबंधात केलं. दोन्हींत वगळणंच आहे, तरी जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गणितातही या ठिपक्यांचा जोर कमी करायच्या युक्त्या आहेत. एक फार जुनी, १९०४ सालची, चार्ल्स स्पीअरमन यांची. खरे आकडे न घेता फक्त क्रमांक घ्यायचे, सगळ्यात कमी पहिला, त्यावरचा दुसरा. मग २०० मिलीलिटरचा ग्लास हा फक्त दहावा क्रमांक राहतो, त्याची पहार आखूड होते. काकांच्या आकड्यांवर मी हे करून बघितलं. उणे ०.९६ चं उणे ०.२५ झालं. दहा दिवसांच्या हिशेबात या आकड्याला काही अर्थ नाही.

आणि "अमुक खाल्ल्याने तमुक कमी होतं, शास्त्रज्ञांचा शोध" असा मेसेज आला की मला पाठवण्याआधी एवढं बघा, किती माणसांवर होतं आणि त्यांचे ठिपके कुठे दाखवले आहेत का. नुसती रेषा दाखवली असेल तर मीही तुमच्याइतकाच अंधारात असतो. कारल्याबद्दल विचाराल, तर खाऊ नका असं मी म्हणत नाही. भाजी खुशाल खा. पण गोळीची जागा घेईल एवढा भक्कम पुरावा त्याच्या बाजूने आज नाही, आणि ग्लासभर रसाने पोट बिघडतं हे काकांनी सिद्ध केलंच आहे.

काकांच्या गोळ्या त्याच दिवशी पूर्ववत केल्या. डोळ्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं, लघवीतली प्रथिनं तपासली. दोन्ही ठीक निघाले. नातीला राग आला होता, आपल्यामुळे आजोबांची शुगर वाढली म्हणून रडलीही. ती काकांबरोबर आली तेव्हा मी तिला अँस्कमचे चार तक्ते कागदावर काढून दाखवले आणि माझ्या प्रबंधाची गोष्टही सांगितली. तिने बराच वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाली, "त्या रिक्षावाल्यांना तुम्ही नंतर सांगितलंत का, की रिपोर्ट तुमच्याकडे होता म्हणून?"

सांगितलं होतं, सुट्टी मिळायच्या दिवशी. तो काही बोलला नाही. पुढच्या तपासण्यांना मात्र तो माझ्याकडेच येत राहिला, ते का, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात काका आले होते. उपाशीपोटीची शुगर १३१, एचबीए१सी ७.४. वहीत आता तारीख आणि शुगर यांच्या शेजारी एक तिसरा रकाना आखला आहे, वर हिशेबनिसाच्या वळणदार अक्षरात 'शेरा' असं लिहिलेलं. त्यातली एक नोंद मी वाचली. १४ तारीख, १८९. शेरा, रात्री आमरस, तीन वाट्या. हात धुतले होते.